टावर चौकापर्यंत बोलायचं नाही

नानाखेडा, उज्जैन
२४ ऑगस्ट २०२५

ती. सौ. निहारिका वहिनीस,
मृणालचा सा. न. वि. वि.

आधीच माफी मागते, शुद्धलेखन खूप चुकेल. शाळेत सगळं हिंदीत होतं, मराठी फक्त घरातली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ मला एकसारखेच दिसतात. आणि सौमित्रदादाच्या लॅपटॉपवर मी एका बोटाने टाईप करते, एवढ्या चार ओळींना नाश्ता ते जेवण वेळ लागला. फोन केला असता, पण फोनवर माझं हो आणि नाहीच्या पुढे जात नाही हे तुम्हाला माहीत आहे.

तर, आपल्या पिक्चरचा तिसरा भाग आला. मी बघून आली. खालच्या अंबिका काकू घेऊन गेल्या. पहिले दोन आपण तिघं बघितले होते म्हणून मला जायचं नव्हतं, पण दादानेच जहाजावर जायच्या आधी सांगितलं होतं की तिसरा कोणी सोडायचा नाही. जहाजवाल्यांनी त्याला समुद्रात चार दिवस शोधलं आणि बंद केलं. पिक्चरवाल्यांनी या एका भागाला तीन वर्षं लावली.

दादाचा नियम मी पाळला. पिक्चर सुटल्यावर टावर चौकापर्यंत कोणी बोलायचं नाही, हातात भुट्ट्याच्या किसाची प्लेट येऊ द्यायची, पहिला घास खायचा, मग मत. काकूंना नियम माहीत नव्हता, त्या दारातच सुरू झाल्या. म्हणे कपडे फार सुंदर होते, पण तीन पिक्चरमध्ये एकही माणूस जेवताना दिसला नाही, असं कसं राज्य. मला हसू आलं आणि मग एकदम रडू आलं, तर त्यांना वाटलं मिरची लागली.

गोष्ट थोडक्यात सांगते. आपला नावाडी सोमल शहर वाचवायला आगीचा दगड होडीत घालून काळ्या धबधब्यात जातो. होडी रिकामी परत येते. ऋता राणी किनाऱ्यावर त्याच्यासाठी दिवा लावून बसते. आणि शेवटी, वहिनी, ती स्वतःच्या हाताने तो दिवा विझवते. बस. खतम.

लोक इतके चिडले होते. एक काका जिन्यावर सगळ्यांना ऐकवत होते की तीन तास बसवून हीरोच गायब, अर्धं तिकीट परत द्या. कॉलेजच्या दोन मुलींचं भांडण लागलं, एक म्हणे राणी दगड आहे, मी तर जन्मभर लावला असता, दुसरी म्हणे तुझ्याच्याने आंघोळीचा गीझर बंद करणं होत नाही, तू काय दिवा सांभाळशील. एक आजोबा पूर्ण वेळ झोपले होते, त्यांचं मत की एसी चांगला होता.

पण सगळे लवकर उठले ना. मी बसून राहिली. नावं संपल्यावर अजून एक सीन आहे. राणीच्या दाराशी एक वल्हं टेकवून ठेवलेलं दिसतं आणि ते ओलं असतं, खाली पाणी ठिबकत असतं. मतलब तो आला.

हे सांगायचं कारण म्हणजे बाबा यज्ञेश्वर गुरुजींकडे जाऊन आले. ज्याचं शरीर मिळत नाही त्याच्यासाठी पळसाच्या पानांचा माणूस करतात, नारळाचं डोकं, आणि त्याला अग्नी देतात. गुरुजी पितृपक्षातली एकादशी म्हणाले, १७ सप्टेंबर. पण बाबा म्हणतात की निहारिकाने हो म्हटल्याशिवाय काही करायचं नाही. तुम्ही नाही म्हणा. आईचं नाव मध्ये आणू नका, ती तर दोन वर्षांपासून जिना उतरलेली नाही, ती काय सांगेल. तुम्ही म्हटलं तर बाबा थांबतील.

माझ्यावर होता तेवढा लोभ तिकडे माहेरी नागपूरला पण घेऊन गेला असाल ना?

तुमची,
मृणाल

---

नागपूर
३० ऑगस्ट २०२५

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. चुका मोजल्या नाहीत. इतकं बोलतेस तू, हे मला घरात राहून कळलं नव्हतं.

तुला एक सांगते, मला हसू नकोस. बाबांना मी आठ दिवसांपूर्वीच फोनवर हो म्हटलं होतं. मग तुझं पत्र आलं. ओल्या वल्ह्याचं वाक्य वाचलं आणि मी उठून बाबांना पुन्हा फोन लावला, म्हटलं एकादशीला नको, थोडं थांबू. त्यांनी का ते विचारलंच नाही. बरं म्हणाले आणि फोन तसाच धरून राहिले. शेवटी मीच ठेवला.

सत्तावीस वर्षांची बाई, बँकेत काम करते, आणि एका पिक्चरमधल्या वल्ह्यावरून असं वागते. माझी आई दोन दिवस माझ्याशी धड बोललेली नाही. इथे एक गोष्ट चालू आहे, तिच्यामुळे. ती मी तुला लिहीन, पण आधी तो सीन मला स्वतः बघायचा आहे. पुढच्या रविवारी जाते.

आईंना जिन्यापर्यंत तरी ने गं. आणि तू जेवतेस ना नीट? ऋता राणीच्या राज्यातली नाहीस तू.

आठवण काढतेस तशीच काढत राहा.

तुझी,
निहारिका वहिनी

---

नानाखेडा, उज्जैन
३ सप्टेंबर २०२५

ती. सौ. वहिनीस,
मृणालचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी खूप खूश होती. आता नाही आहे.

बाबांनी आईला फक्त एवढं सांगितलं की निहारिका थांबा म्हणतेय. आईने त्याचा अर्थ काढला की तुम्हाला काहीतरी खबर मिळाली आहे, जहाजवाल्यांची, आणि बाबा लपवतायत. काल तिने दादाची चादर धुतली. आज त्याचं दाढीचं सामान काढून पुसून आरशापाशी ठेवलं. दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून बस स्टँडच्या बाजूला बघत बसते. बाबा म्हणाले आत चल, ऊन लागेल, तर म्हणे तुम्ही झोपा, तो आला की मी उठवते. बाबा आत येऊन माझ्यासमोर बसले.  मला काही बोलता आलं नाही.

तुम्हाला आठवतं, दादाचा शोध बंद झाला तेव्हा शाळेत असंच झालं होतं. अकरावीत हजेरीला माझं नाव आलं आणि आवाजच आला नाही. सगळा वर्ग मागे वळून बघत होता. दुसऱ्या दिवसापासून मी गेलीच नाही. बाबा म्हणाले पुढच्या वर्षी जा. ते पुढचं वर्ष पण गेलं. आत्ता घरात तसंच वाटतंय, की मला काहीतरी बोलायचं आहे आणि तोंड उघडत नाही.

मी पिक्चर अजून दोनदा बघितला, एकटी. आणि वहिनी, मी लोकांना विचारलं! तोंडाने! कडेवर बाळ असलेल्या एका बाईंना विचारलं की सोमल मेला का हो. त्या म्हणाल्या की बेटा, मेला की नाही ते त्याला विचार, मला तर राणीची काळजी, तिने इतक्या दिवसांत केस पण विंचरले नाहीत. एक दादा रिक्षात बसता बसता बोलले की चौथा भाग काढायचा असेल तर जिवंत, नाहीतर मेला, उगाच डोकं खपवू नको. आणि तिकीट फाडणारे भैया म्हणाले की ते रोज चारदा शेवट बघतात आणि दर वेळेला वाटतं आज नाही विझवणार.

तुम्ही रविवारी नका जाऊ. म्हणजे जायचं तर जा. पण तिकडे गर्दी असेल.

राग आला तरी माझ्यावरची माया पूर्ण काढून घेऊ नका, थोडी राहू द्या.

तुमची,
मृणाल

---

नागपूर
८ सप्टेंबर २०२५

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद, आणि एक चापट, हळू मारलेली.

मी जाऊन आले. नावं नऊ मिनिटं चालतात. मी मोजली. सगळे गेले, झाडू घेऊन आलेल्या मावशी माझे पाय उचलायची वाट बघत उभ्या राहिल्या, मी नाही उठले. शेवटपर्यंत फक्त पाण्याचा आवाज येतो. मग तोही थांबतो. वल्हं नाही, दार नाही.

तू मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही.

बाहेर आले. इथे टावर चौक नाही, मग समोरच्या गाडीवर तर्री पोहे घेतले. पहिला घास खाईपर्यंत गप्प राहिले, एकटीच असून. आता माझं मत ऐक. राणी निष्ठुर नाही. तो दिवा जळत होता तोपर्यंत गावातलं कोणी झोपत नव्हतं, बघितलंस ना? सगळे खिडकीत. सोमलची म्हातारी आई सुद्धा. मला तुझ्या पत्रातली गॅलरीतली खुर्ची दिसली.

आता ती गोष्ट. प्रसाद म्हणून आहेत, आमच्या शाखेत होते, आता बदली झाली. चांगले आहेत. त्यांनी लग्नाचं विचारलं. मी सांगितलं, सौमित्रचं नीट झाल्याशिवाय मी उत्तर देणार नाही. त्यांनी परत विषय काढला नाही, हेच मला जास्त जड गेलं. बाबांना मी हे सांगितलंय. बाबा म्हणाले की निहारिका, तू आमची मुलगी आहेस, मुलगी सासरी जातेच. मग फोन आईंकडे द्यायला गेले आणि दिला नाही.

बाबांचा हो मला मिळाला. पण मला तुझा पाहिजे. तू मला वहिनी म्हणणारी एकटी आहेस. तू नाही म्हणालीस तर मी एकादशीला येणार नाही आणि प्रसादनाही नाही सांगेन, खरंच सांगते. हे तुझ्यावर ओझं टाकतेय, कळतंय मला. पण दिवा तू धरून बसली आहेस.

आणि ते सौ. लिहिणं आता राहू दे. श्रीमतीही लिहू नकोस, मला ते वाचवणार नाही. ताई म्हण, आणि तू म्हण.

उत्तराची वाट बघणारी,
निहारिका

---

नानाखेडा, उज्जैन
११ सप्टेंबर २०२५

निहाताईस,
नमस्कार.

इथे टॉकीजमध्ये नावं सुरू झाली की लाईट लावून पिक्चर बंद करतात. मी तीनदा बसून राहिली, तीनदा बंद केला. वल्ह्याचं रांगेतली दोन मुलं बोलत होती, ऐकलेलं. मला वाटलं की मी बघितलं असं लिहिलं तर असेल.

आईला मी सांगितलं. काही खबर नाही आहे, मी खोटं लिहिलं होतं म्हणून ताई थांबली, असं. माझ्या तोंडून एका वेळेला इतकं पहिल्यांदा निघालं. आईने उठून दाढीचं सामान डब्यात ठेवलं आणि झाकण लागत नव्हतं तर मला म्हणाली दाब जरा.

तू ये. एकादशीला ये.

मृणाल

---

नानाखेडा, उज्जैन
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय निहाताईस,
मृणालचा नमस्कार, आणि आई-बाबांचे आशीर्वाद.

गाडीत जागा मिळाली का? तू इथे दोन दिवस होतीस आणि मी चार वाक्यं पण बोलली नाही. तू गेलीस आणि आता सगळं आठवतंय. म्हणून परत एका बोटाने.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. एकादशीच्या आदल्या दिवशी बाबा आणि मी राम घाटावर गुरुजींबरोबर पानं लावत होतो. गुरुजी म्हणाले, माणसाच्या मापाचा करा. बाबा घरून सुतळी घेऊन आले होते, दरवाजाच्या चौकटीवर दादाची उंचीची खूण आहे ना पेन्सिलची, तिथून मापून. तर ताई, ती खूण खोटी आहे. दादा चवड्यांवर उभा राहिला होता. बाबा पेन्सिल आणायला वळले आणि त्याने मला डोळा मारला, मी तेव्हा सात वर्षांची होती. मी कोणाला कधी सांगितलं नाही. त्या दिवशी पण नाही. म्हणून तू चक्रतीर्थाच्या स्मशानात जो बघितलास ना, तो दादापेक्षा दोन बोटं उंच होता.

तो किती खूश झाला असता.

अग्नी देताना बाबांचा हात थांबला तेव्हा तू त्यांच्या कोपराला हात लावलास, ते मी बघितलं. आई घरीच राहिली, पण आम्ही आलो तेव्हा तिने आंघोळीचं पाणी तापवून ठेवलं होतं, चौघांचं, स्वतःचं धरून. खुर्ची गॅलरीतून आत आणलेली होती. कोणी आणली ते मी विचारलं नाही.

काल मी एकटी टावर चौकात गेली, कीस घेतला, पहिला घास खाल्ला. माझं मत अजून कोणालाच सांगितलं नव्हतं. राणी दिवा विझवते त्याच्या आधी, एकदम थोडा वेळ, ती त्याच्या काचेला तळहात लावून उभी राहते. ती काच गरम असणार, तरी हात काढत नाही. मग विझवते. इतक्या लोकांना मी विचारलं, इतके लोक चिडले, कोणी हे सांगितलं नाही. मला पण तिसऱ्या वेळेला दिसलं. दादाला पहिल्याच वेळेला दिसलं असतं आणि त्याने आपल्याला छळलं असतं की तुम्ही आंधळ्या आहात का.

प्रसादना विचार त्यांनी पहिले दोन भाग बघितलेत का. नसतील तर आधी ते दाखव, सरळ तिसरा नको. आणि नियम सांग. तर्री पोहे चालतील, पण पहिल्या घासापर्यंत बोलले तर मला कळव.

मला वहिनी म्हणायची सवय आहे, चुकून निघेल. तेव्हा रागावू नको. आणि तिकडे नवीन माणसं आली तरी इकडचा माझा वाटा काढून ठेव.

तुझीच,
मृणाल

अगं, आत्ता खाली गल्लीत उंट आलाय! खराखुरा, गळ्यात घुंगरू, अंबिका काकूंच्या दारातली तुळस खातोय आणि त्या झाडू घेऊन ओरडतायत. आई चप्पल न घालता जिना उतरून बघायला गेली. मी पण जाते.