सहा बाय चारचा बोर्ड

मंगळवार, ४ मार्च

मिळालं! तलावावरच्या बोर्डाचं काम मलाच! सहा बाय चारचा पत्रा, आणि हाताने रंगवायचा! फ्लेक्सवाला गेला हात चोळत. प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, "फ्लेक्स वर्षभरात उन्हाने पांढरा पडतो. आम्हाला टिकाऊ हवंय." चौतीस वर्षं ब्रश धरलाय तो काय उगाच?

बाई बराच वेळ समजावत होत्या — माशांत पारा, आठवड्यातून किती, महिन्यातून किती, असं काहीबाही. मी मान डोलावत होतो. डोक्यात ओळींची मापं चालू होती. चार ओळी, खाली एक मासा. मासा मी सुचवला! "चालेल," म्हणाल्या, "पण मोठाच दिसला पाहिजे." अहो बाई, मी छोटं काही काढलंय का कधी?

बुधवार, ५ मार्च

मनाने मासा काढणारे पेंटर वेगळे. मी जाळेवाल्याकडून तलावातला सगळ्यात दांडगा मासा आणला, हातभर लांब. फळीवर ठेवला आणि बसलो. दुपारपर्यंत नुसता डोळा झाला — पण काय डोळा! बघणाऱ्याकडे बघतो.

मासा वाया कशाला घालवायचा? घरी नेला. ही म्हणाली, "सूनबाईला जास्त वाढते, दोन जिवांची आहे." सातवा लागलाय पोरीला. गेले दोन महिने जेवणाकडे बघत नव्हती, आज बोटं चाटून खाल्लं. "बाबा, उद्या पण आणाल?" म्हणाली. आणणार नाही तर काय!

गुरुवार, ६ मार्च

खवले. नवा मासा आणावाच लागला. सूनबाईची चंगळ.

शुक्रवार, ७ मार्च

शेपटी. तिसरा मासा, आधीच्या दोघांपेक्षा मोठा! मुलगा चिडवतो, "बाबा, बोर्ड रंगवताय की बाळ पोसताय?" दोन्ही, लेका, दोन्ही! आजोबा होतोय मी.

शनिवार, ८ मार्च

आज अक्षरं. चौथ्या ओळीतला ग असा डौलात उतरलाय की मीच चार वेळा मागे सरून बघितला. शेवटी ओळ पत्र्याबाहेर जाते की काय अशी धास्ती होती. बसवली! एका दमात!

चहावाला विचारत होता, "काय लिहिलंय हो, काका?" म्हटलं, "तू आधी वळण बघ!" खरं सांगायचं तर मलाही माहीत नाही. काम करताना मी वाचत नाही. उस्तादांनी पहिल्याच दिवशी टपली मारून सांगितलं होतं — वाचशील तर घाई करशील, घाई करशील तर चुकशील. एकेक आकार कागदावरून उचलायचा, पत्र्यावर ठेवायचा. अर्थ लावणं लोकांचं काम. चौतीस वर्षांत एक काना इकडचा तिकडे झालेला नाही. दाखवा दुसरा कोणी!

सोमवार, १० मार्च

बोर्ड उभा राहिला! ही गर्दी! माशासोबत फोटो काढतात लोक! बाईंनी कागद हातात धरून ओळीवर ओळ ताडून बघितली. "एकही चूक नाही," म्हणाल्या, सगळ्यांसमोर. फ्लेक्सवाला तिथेच होता. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

संध्याकाळी सूनबाईला मुद्दाम घेऊन गेलो. कितीतरी वेळ बोर्डासमोर उभी होती, एक हात पोटावर. मग डोळे भरून आले तिचे. सासऱ्याचं काम बघून पोरीला भरून आलं! मलाही गहिवरून आलं.

मंगळवार, ११ मार्च

सकाळी सूनबाईने विचारलं, "बाबा, तुम्ही वाचलं नव्हतं?" एवढंच.

तसाच तलावावर गेलो. पहिल्यांदाच वाचला.

या तलावातल्या माशांत पारा आहे, तो धुऊन-शिजवून जात नाही.
लहान मासे आठवड्यातून एकदाच खावेत.
मोठा मासा महिन्यातून एकदाच खावा.
गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी मोठा मासा मुळीच खाऊ नये.

प्रयोगशाळेत जाऊन बाईंना तीन माशांचं सांगितलं. त्यांनी सूनबाईचं रक्त घेतलं. रिपोर्टसाठी आठ दिवस थांबा म्हणाल्या.

बोर्डात एकही चूक नाही.