घाटाच्या तिसऱ्या पायरीवरचं पाणी

पिंपळखारी, रविवार

प्रिय तृप्ती,

सप्रेम जयभीम. तुझी आई ठीक आहे, गुडघे मात्र तिचं ऐकत नाहीत. फोनवर तू आणि मी "जेवली का", "जेवलो" याच्या पुढे जात नाही, म्हणून कागद घेतला. चार ओळींत आटोपलं असतं, पण तुझा बाप सरळ मुद्द्यावर कधी आलाय?

आधी ऑफिसची हालहवाल सांगतो. ग्रामपंचायतीची नगरपंचायत होऊन नऊ वर्षं झाली. पाटी बदलली, घंटागाडी आली, ओल्या-सुक्या कचऱ्याचे डबे आले; त्यात लोक तांदूळ भरतात ते सोड. यंदा घरपट्टी आणि पाणीपट्टी दोन्ही वाढल्या, तेव्हा अर्धं गाव ऑफिसात येऊन बसलं. किराणावाला तेजराम म्हणाला, "पट्टी घेता शहराची अन् नाली देता गावाची, काहून?" नळावरचा माणूस म्हणून मला पुढे केलं होतं, पण तो म्हणत होता ते खरंच आहे. गावाच्या सगळ्या नाल्या आजही तलावात जातात.

ते पाणी आधी शुद्ध करून मग सोडायचं, असा प्रकल्प रिता मॅडमनी, म्हणजे आमच्या नव्या मुख्याधिकाऱ्यांनी, वर पाठवला होता. तो परत आला. तलावाच्या पाण्याचे अहवाल नऊ वर्षं समाधानकारक आहेत, तेव्हा गरज दिसत नाही, एवढीच ओळ. त्या प्रत्येक अहवालाखाली नमुना घेणाऱ्याची सही आहे, के. डी. गजभिये. दर तीन महिन्यांनी पाण्याची बाटली भरून जिल्ह्याला पाठवायचं काम माझंच ना.

आता तुझ्या लक्षात आलं असेल मी कुठे चाललोय. तुझ्या नर्सिंगच्या शेवटच्या वर्षी तू ढिवर मोहल्ल्यातल्या बायकांच्या पायांवरचे चट्टे पाहून घरी आलीस. शिंगाडे काढायला त्या तासन्‌तास कमरेइतक्या पाण्यात उभ्या असतात. पाणी खराब आहे, असं तू म्हणालीस. मी अहवालांची फाईल आणून तुझ्यापुढे आपटली. तू फक्त एवढंच विचारलंस, "बाबा, बाटली कुठून भरता तुमी?" आणि मी भडकलो. "दोन वर्सं शिकली तं बापाले शिकवाले चालली!" सकाळी तू न जेवता दिघोरीच्या बसमध्ये बसलीस. त्याला चार वर्षं झाली. सणाला तू येतेस, आईशी बोलतेस, पण माझ्या कामाबद्दल त्यानंतर एकदाही विचारलं नाहीस. ते मला फार लागतं, कधी सांगितलं नाही.

प्रकल्प परत आल्यावर मॅडम म्हणाल्या, मी येते तुमच्यासोबत नमुना घ्यायला. मी नेहमीसारखा घाटावर गेलो, तिसऱ्या पायरीवर उभा राहिलो, बाटली तीनदा विसळली, भरली. नहराचं स्वच्छ पाणी त्याच अंगाने तलावात येतं, त्यामुळे तिथे तळ दिसतो. मॅडमनी शांतपणे विचारलं, इथूनच का? मी कागद दाखवला. ठिकाणाच्या रकान्यात नुसतं "तलाव" छापलंय. त्या मला घेऊन पार पलीकडे ढिवर मोहल्ल्यात गेल्या, जिथे मोठी नाली उतरते. तिथे दुसरी बाटली मीच भरली. हात तीनदा साबणाने धुतला, तरी घरी आल्यावर तुझ्या आईने नाकाला पदर लावला.

पंधरा दिवसांनी दोन्ही अहवाल आले. पहिला समाधानकारक. दुसऱ्यातलं मला कळलं तेवढं सांगतो, त्या पाण्यात माणसाने पाय घालू नये.

आता प्रदूषण मंडळाने खुलासा मागवलाय. नमुन्याची जागा कोणी ठरवली आणि कोणाच्या सांगण्यावरून? माझ्या निवृत्तीला दीड महिना उरलाय. आमचे बडे बाबू भय्याजी मला चहाच्या टपरीवर घेऊन गेले. म्हणाले, "केशवराव, लिवून टाका का जुन्या सायबानं सांगतलं होतं म्हून. थो मेला. मेलेला मानूस जबाब द्याले येते का? नाही तं पेन्शन अडकते तुमची." माणूस वाईट नाही, माझ्या भल्याचंच सांगत होता. आणि तृप्ती, खोटं बोलणार नाही, दोन दिवस मी तेच लिहायचं ठरवलं होतं.

पण जुन्या साहेबाने कधी काही सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं. घाट मी निवडला, कारण मला तिथे उभं राहायला आवडायचं. माझ्या आजाला त्या पायऱ्यांवर पाय ठेवू देत नव्हते. हे काम माझ्याकडे आल्यावर पहिल्यांदा सरकारी बाटली घेऊन मी त्या पायऱ्या उतरलो तेव्हा वर बसलेली माणसं सरकून बाजूला झाली, मला वाट द्यायला. ते सुख मी नऊ वर्षं दर तीन महिन्यांनी घेत आलो. पाणी कुठलं तपासायला हवं, हा विचारच डोक्यात आला नाही. तू विचारलंस तेव्हा राग त्याचाच आला असावा.

काल संध्याकाळी रुखमाबाईकडे गेलो. शिंगाडेवाल्या बायकांत तीच वयाने मोठी, तिच्याच पायांवर सगळ्यात जास्त चट्टे. तिला सगळं सांगितलं, घाटाचंही. वाटलं, शिव्या देईल. ती शिंगाडे सोलत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या आजाले मी पायलं हाये, भाऊ. लहान होतो मी. घाटावर येऊ देत नोहोते तं थो इकूनच पानी भरे, आमच्या अंगानं." तृप्ती, ज्या पाण्यावर आमच्या तीन पिढ्या जगल्या त्या पाण्यात मी नऊ वर्षांत एकदाही बाटली बुडवली नाही. मला तिथे बसवेना.

उद्या सर्वसाधारण सभा आहे. खुलासा मी लिहून दिलाय: जागा मी निवडली, कोणाच्या सांगण्यावरून नाही, चूक माझी. उद्या तो सगळ्यांसमोर वाचला जाईल, मग पेपरात येईल. पेन्शनचं काय व्हायचं ते होईल. तुला ते दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आधी माझ्या हातचं मिळावं म्हणून हे पत्र पहाटेच्या बसने पाठवतोय, हे एक. दुसरं असं, की तपासणीसाठी मॅडम मोहल्ल्यात शिबिर घेताहेत, पुढच्या गुरुवारी. बायका परक्या माणसाला पाय दाखवायला तयार नाहीत. रुखमाबाई म्हणते, केशवरावांची पोरगी आली तर दाखवू, तिनेच पहिल्यांदा वाकून पाहिले होते. तू बरोबर होतीस आणि मी चुकलो. हे तोंडाने सांगायला मला चार वर्षं पुरली नाहीत. माझ्यासाठी येऊ नकोस, त्यांच्यासाठी ये. आणि आई तुझी वाट पाहते असं मी दरवेळी फोनवर सांगतो ना, ते अर्धंच खरं आहे. बस आली की फाट्यावर जाऊन मीच उभा राहतो.

तुझाच,
बाबा