धोंड्याच्या वाणात गेलेलं घड्याळ

मखमलाबाद, नाशिक
२५ मे २०२६

तीर्थरूप अक्कास,
खंडूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

देवीच्या कृपेने आम्ही सारे बरे आहोत. पत्र बघून दचकू नकोस. तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि तुझी सून ऐकलेलं सगळं संध्याकाळी सुरतेला दाजींना सांगते, म्हणून फोन केला नाही.

आधी चांगलं सांगतो. तू दुरुस्तीला पाठवलेलं दाजींचं घड्याळ चालू झालं. तू जोर लावून चावी दिलीस त्यात तुटलेली स्प्रिंग पुंजा घड्याळजींनी बदलली. ते बराच वेळ घड्याळ नुसतं न्याहाळत बसले होते. म्हणाले, पॅरिसच्या बड्या कपडेवाल्यांनी काढलेलं हे घड्याळ, कोटाच्या बाहीखाली फुगू नये म्हणून इतकं पातळ. आकडे नाहीत, सेकंदकाटा नाही, काळ्या तबकडीवर दोनच काटे. दाजी मुंबईला कटिंग मास्तर असताना ज्या शेठने ते त्यांना दिलं, त्याला सूट अगदी मापात बसला असणार.

आता वाईट. काल निकिता आणि जावईबापूंना पहिल्या धोंड्याला बोलावलं होतं. त्यांच्यासाठी नवं घड्याळ पुंजांकडूनच घेतलं. दाजींचंही त्यांनी तसल्याच डबीत घालून दिलं होतं. मी दोन्ही डब्या देवापुढे ठेवल्या आणि डोळे मिटून जपाला बसलो. शुभांगीने हाताला लागली ती डबी उचलली, तेहतीस अनारशांवर ठेवली, रुमाल झाकला आणि वाण दिलं. आज तुझं पार्सल करायला डबी उघडली, तर आत नवं घड्याळ!

धोंड्याच्या महिन्यात जावयाला दिलेलं म्हणजे विष्णूला वाहिलेलं. ते परत मागितलं तर पोरीला सासरी जन्मभर ऐकावं लागेल. नाही मागितलं, तर दहा तारखेला दाजी येणार आणि कपाट उघडणार. मला काही सुचत नाही.

शुभांगीचा नमस्कार. राग निवला की थोडी माया शिल्लक ठेव.

तुझा,
खंडू


नांदगाव
२९ मे २०२६

चि. खंडूस,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मोरीत उभं राहून वाचलं. लहानपणी तू असाच डोळे मिटून बसायचास आणि वासरू गाईला पिऊन मोकळं व्हायचं. पन्नाशी आली तरी तुझी सवय गेली नाही.

माझी गत काय होईल याचा विचार कर. चाळीस वर्षं यांनी त्या घड्याळाला मला हात लावू दिला नाही. म्हणायचे, तुझा हात म्हणजे मुसळ आहे. सुरतेला जाताना पहिल्यांदाच कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली आणि सांगितलं की बंद घड्याळ घरात नको, रोज चावी देत जा. तिसऱ्याच दिवशी मी ते मोडलं. आता यांना काय सांगू? की मुसळाने घड्याळ मोडलं आणि भावाने ते वाटून टाकलं?

काल निकिताकडे जाऊन आले. तिचं घर दोन गल्ल्या सोडूनच आहे, स्थळ मीच आणलं होतं ना! स्वराजरावांच्या हातात घड्याळ होतं. मी म्हटलं, लोणच्याच्या कैऱ्या फोडू लागा, घड्याळ काढून ठेवा. त्यांनी काढलं आणि शर्टाच्या खिशात घातलं. दोन किलो कैऱ्या फोडल्या, पण खिशातून घड्याळ पडेल इतके ते खाली वाकले म्हणून नाहीत. निकिताला वाटलं आत्या म्हातारपणी चळली, भाचेजावयाला राबवते. निघताना मी त्यांचा शर्ट धुवायला मागितला, तेव्हा तर ती माझ्या कपाळाला हात लावून ताप बघू लागली.

आता नीट ऐक. ते नवं घड्याळ मला पाठव. निकिताला विश्वासात घेते. स्वराजराव अंघोळीला गेले की अदलाबदल करू. एकाला आकडे आहेत आणि एकाला नाहीत, हे पुरुषमाणसाच्या लक्षात यायला आठवडा जातो.

मुलांना आशीर्वाद. तुझ्यावर जीव आहे, पण दहा तारखेपर्यंतच.

तुझी,
अक्का


मखमलाबाद, नाशिक
२ जून २०२६

तीर्थरूप अक्कास,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र शुभांगीने दोनदा वाचलं आणि शर्टाच्या जागी दोन्ही वेळा हसली. झेंडूला सध्या भाव बरा आहे, तोडणी चालू आहे.

नवं घड्याळ पाठवत नाही. रागावू नकोस. सासरी गेलेल्या पोरीला नवऱ्याच्या वस्तूची चोरी करायला शिकवणं मला जमणार नाही. फुलं तोडताना दोन दिवस हाच विचार केला. देवापुढे ठेवलेली डबी माझ्या डोळ्यांदेखत गेली असती तर मी आडवा आलो असतो. मीच डोळे मिटले होते, तर दोष माझाच.

म्हणून दाजी आले की मी नांदगावला येतो आणि त्यांच्या पाया पडून सांगतो की घड्याळ माझ्या हातून गेलं. स्प्रिंगचं मी आपणहून बोलणार नाही. पण घड्याळ माझ्याकडे आलंच कसं, हे ते विचारणार. मग मला खोटं बोलता येणार नाही. तुला माहीत आहे, माझे कान लाल होतात.

त्यापेक्षा तूच आधी सांगितलंस तर?

तुझ्या शिव्याही आशीर्वादासारख्याच लागतात, त्या चालू ठेव.

तुझा,
खंडू


नांदगाव
६ जून २०२६

चि. खंडेराव यांस,
यादवरावांचे अ. उ. आ. वि. वि.

सुरतेला करमेना, म्हणून आठवडाभर आधीच परत आलो. तुला सहसा पत्र लिहीत नाही, पण गोष्टच तशी घडली.

परवा तुझे जावई मला चावडीपाशी गाठून बाजूला घेऊन गेले. फार संकोचले होते. म्हणाले, सासऱ्यांनी धोंड्याला घड्याळ दिलं, पण ते दोन दिवसांतच बंद पडलं. सेल घालायला नेलं तर दुकानदार म्हणाला यात सेलच नाही. मामांच्या कानावर जाऊ देऊ नका, त्यांनी फार प्रेमाने दिलंय. तुम्हाला कुणी चांगला घड्याळजी माहीत आहे का? आणि माझंच घड्याळ माझ्या तळहातावर ठेवलं.

मी पालथं करून पाहिलं. मागे सुईने मीच टोचलेला 'य' होता. चावी फिरवली, तर पूर्वीपेक्षा मऊ फिरली. म्हणजे स्प्रिंग नवी. म्हणजे जुनी तुटली होती. ती कुणी तोडली हे मला विचारावं लागलं नाही. माझ्या शर्टांच्या काजांना चाळीस वर्षं तोच हात लागतो आहे.

बाकीचं तुमच्या हातून कसं घडलं ते मला नको. मी स्वराजरावांना चावी द्यायला शिकवलं. सकाळी, सावकाश, अडलं की थांबायचं. आणि घड्याळ त्यांच्याच मनगटावर बांधलं. मी ते चार लग्नांपलीकडे घातलं नाही, कपाटात ठेवून नुसतं ऐकत राहिलो. जो मुलगा बंद पडलेल्या घड्याळाबद्दल सासरी ब्र काढत नाही, त्याच्या हातावर ते शोभतं. वाण दिलं ते दिलं. जावयासाठी घेतलेलं घड्याळ तुझ्याकडेच राहिलं असणार, ते तूच वापर, जपाला किती वेळ बसतोस ते तरी कळेल.

आता तुझ्या बहिणीचं. मी आल्यापासून कपाटाची किल्ली सापडत नाही. मी त्या खोलीकडे वळलो की चहा येतो. काल कपाटाकडे नुसतं पाहिलं तर आमरस-पुरी झाली. आज दाराच्या आत पाऊल टाकलं तर भजी. तिला मुसळ म्हणत होतो, त्याचं वाईट वाटतं. नाही असं नाही. आज ना उद्या सांगेनही. पण अधिक महिना संपायला अजून नऊ दिवस आहेत. तोवर तू तोंड उघडू नकोस आणि इकडे फिरकूही नकोस.

आहे तसाच लोभ राहू दे, आणि मौन पाळ.

तुझे,
यादवराव

ता. क. (अक्काच्या हातचा)
खंडू, हे पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलं आणि वर पाकीट चिकटवायलाही सांगितलं. वाचलं. थोडी रडले. मी वाचलंय हे यांना सांगू नकोस. उद्या सकाळी चहाच्या कपाशेजारी कपाटाची किल्ली ठेवणार आहे, आणि समोर बसून बघणार आहे, आता हे काय करतात ते.