काड्यापेट्यांच्या शेजारी मेंढरं

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

परळी वैजनाथ,
२५ नोव्हेंबर २००१

तीर्थस्वरूप सिद्धारामदादास,

धाकट्या ईश्वरीचा शरणार्थ.

इकडे सगळे बरे आहेत. अण्णांचा गुडघा थंडीनं पुन्हा कुरकुरायला लागलाय, तरी त्यांना दुकान सोडवत नाही. आईनं तुझ्यासाठी चिवडा वेगळा काढून ठेवलाय. पुण्याला जाणारं कुणी भेटलं की पाठवते. थर्मल वीजकेंद्राची राख अंगणात उतरायची ती उतरतेच. आई तिला शिव्या देते आणि झाडते.

ई-मेल सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. तुझी मेल ऑफिसात चौघं डोकावून वाचतात, हे तूच सांगितलंस. हे पत्र मात्र एकट्यानं वाच.

पाहुण्यांचं काय झालं, हे तुला आधी हवं असणार. सांगते, पण त्याआधी वेबसाइटचं सांगायला हवं.

मे महिन्यात तू आपल्या काड्यापेट्यांच्या चित्रांची साइट करून दिलीस. वाघ, जहाज, कमळ, लहानपणी आपण पाण्यात भिजवून अलगद सोडवलेली सगळी चित्रं पडद्यावर बघून मी सायबर कॅफेत चक्क टाळ्या वाजवल्या होत्या. मग मी तिथं अंजूच्या मेंढरांचं पान जोडलं, आणि पहिल्या पानावर दोघींची नावं घातली. दिवाळीत तू फोनवर केवढा चिडलास! "काड्यापेट्या अन् मेंढरं, काही संबंध? माझे मित्र हसतात. काढ ते."

संबंध काहीच नाही, दादा. मला काड्यापेट्या आवडतात, तिला मेंढरं, आणि कॅफेत आम्ही एकाच बाकड्यावर बसतो. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "आपल्या दुकानात गोडेतेलाशेजारी उदबत्ती हाय, उदबत्तीशेजारी चपलांचे पट्टे. गिऱ्हाईक कधी संबंध इचारतंय का?"

अंजू तुला नीट ठाऊक नाही. कॉलेजपासूनची माझी मैत्रीण, आता कॉम्प्युटर क्लासलाही बरोबर असते. तिचे वडील म्हाळूमामा धारूरकडच्या डोंगरात कळप घेऊन हिंडतात. कुणाचं मेंढरू कुणाचं, हे कळावं म्हणून प्रत्येक घर कानाला वेगळा काप देतं. कुणाचा टोकाला, कुणाचा कडेला, कुणाचा डाव्या कानाला, कुणाचा उजव्या. ते सगळे काप अंजूनं माउसनं काढले. माउस हातात धरून कधी रेघ ओढून बघ, म्हणजे कळेल.

पान तयार झालं तेव्हा तिनं म्हाळूमामांना कॅफेत आणलं. चपला दाराबाहेर काढून, खांद्यावरचं घोंगडं सावरत ते पडद्यापुढं उभे राहिले आणि एकदम भडकले.

"ही कुणाची मेंढरं गं?"

"आपलीच की, आबा."

"आपली? आपला काप डाव्या कानाला! ही तर धुळाजीची हायत. उभा कळप धुळाजीच्या मेंढवाड्यात घातलास की, पोरी!"

धुळाजी म्हणजे त्यांचे मेव्हणे, आणि दोघांचं जन्माचं वाकडं. अंजूनं मेंढरू आपल्याकडं तोंड करून काढलं होतं, म्हणून त्याचा डावा कान आपल्या उजव्या हाताला आला. म्हाळूमामा जन्मभर कळपामागून चाललेले. त्यांचा डावा तोच मेंढराचा डावा. मग अंजूनं सगळी चित्रं पुन्हा काढली, पाठीमागून. आता आपल्या साइटवर झाडून सारी मेंढरं आपल्याकडं पाठ करून उभी आहेत. तुझे मित्र हसतात ते त्यालाच. पण म्हाळूमामा नंतर स्वतः धुळाजींना घेऊन आले आणि दोघांनी शेजारी उभं राहून आपापला काप ओळखला. मला त्या पानाचा फार अभिमान आहे, दादा, आपल्या वाघ-जहाजांपेक्षाही जास्त.

आता पाहुणे. गेल्या रविवारी लातूरहून मला बघायला केदारनाथ, त्याची आई आणि काका आले. तुझ्या साहेबांच्या नात्यातले, तू किती धडपडून जमवून आणलंस हे मी विसरलेले नाही. आईला हाताशी कुणी हवं म्हणून अंजू स्वयंपाकघरात पोहे परतत होती. काकांनी पाणी घेतलं आणि सुरू झाले, "मुलगी हुशार हाय, आमी इंटरनेटवर बघितलं. पण उघडलं की मेंढरांची ढुंगणं! अन् आमच्या होणाऱ्या सुनंच्या नावाला लागून मेंढक्याच्या पोरीचं नाव. कावून? तेवढं पान काढा, साखरपुडा लगेच उरकू."

आतला उलथण्याचा आवाज थांबला.

खरं सांगते, केदारनाथ मला आवडला होता. त्यानं नुसतं "राहू द्या की, काका" म्हटलं असतं तरी पुरे होतं. तो पाण्याच्या पेल्याकडं बघत राहिला.

मी म्हटलं, "पान तिचं आहे. मी काढणार नाही."

"मग तिचं तिला येगळं करून द्या."

"शेजारीच राहील."

मी अण्णांकडं बघितलंच नाही, धीरच झाला नाही. अण्णा घसा खाकरून आतल्या दाराकडं वळले आणि म्हणाले, "अंजू, पोहे तूच घेऊन ये बाई. पाहुण्यांना तुझ्या हातचे खाऊ दे." काकांना तेवढ्यात लातूरची गाडी आठवली. पोहे आम्हीच खाल्ले.

संध्याकाळी अंजू रडवेली झाली. "काढ गं माझं पान. माझ्यापायी तुझं लगीन मोडू नगं." मी तिला अशी झापली की आई बाहेर आली. दुसऱ्या दिवशी कॅफे उघडताच पळत गेले, हिनं खरंच काढलं की काय म्हणून. पान होतं. अंजूही तिथंच होती, चुलत्यांचा काप काढत बसलेली. रडू आलं ते मला तेव्हा आलं.

तू रागावशील. साहेबांपुढं तुझी पंचाईत होईल, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. साइटचा पासवर्ड मी बदललाय.

एकच मागणं आहे. आपल्यात असं काही झालं की पत्रिका जुळली नाही म्हणून सांगतात आणि दोन्हीकडची लाज झाकली जाते. काकांनी तुला तसं सुचवलंच असेल. तू ऐकू नकोस. साहेबांनी विचारलं, कुणीही विचारलं, तर जसं घडलं तसंच सांग. बहिणीनं मेंढरांचं पान काढलं नाही, म्हणून मोडलं. मान खाली घालून सांगू नकोस.

अंजूच्या शेजारची,
तुझी ईश्वरी