बारावं पॅनल

सोमवार

पोचलो एकदाचे! जीपने असे हादरे दिले की उतरल्यावर आप्पांनी आधी आपले दात मोजले. हवामान केंद्र म्हणजे दोन खोल्या, पुढे अंगण, मागे बॅटऱ्यांची खोली आणि चहूकडे उघडा माळ. धूर नाही, धूळ नाही. शहरातून यांना बाहेर काढा, थोडा तरी सुखाने श्वास घेतील, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून तर ही नोकरी धरली. वायरमनची मुलगी वायरमनच झाली याचा आप्पांना आज पहिल्यांदा अभिमान वाटला असावा, निदान तोंड तरी तसं केलं होतं.

आप्पांचं ऑक्सिजनचं मशीन कॉटशेजारी लावलं. ते सतत चालू लागतं आणि इथली सगळी वीज उन्हावरची. छपरावर पॅनलं बारा, पण जोडलेली अकराच. बारावं कोपऱ्यात नवं कोरं पडलंय, वायरी नीट गुंडाळलेल्या. जीपवाले मामा म्हणाले, आधीचा मिस्त्री बजावून गेलाय की तेवढं त्याला राहू द्या. कोणाला, ते मामांनी विचारलंच नव्हतं. त्यांना वाटलं, माकडाला असेल. माकडाला पाट मांडून देणारा मिस्त्री! आप्पा हसता हसता खोकायला लागले.

मंगळवार

सकाळी बारावं जोडून टाकलं. आयतं मिळालेलं कोण सोडतं? आप्पांनी खाटेवरून नेहमीचं पुराण लावलं. जोडताना दहादा विचार करावा, तोडताना एकदाही करू नये. आणि कोणी तारेला चिकटला तर त्याला हात लावायचा नाही, आधी वीज तोडायची, नाहीतर आपणही चिकटतो. मी सात वर्षांची असल्यापासून ऐकतेय. मी म्हटलं, आप्पा, हे मला आता झोपेतही पाठ आहे. ते म्हणाले, झोपेत पाठ असून काय उपयोग, जागेपणी आठवायला हवं.

दुपारी मीटर झकास चढला. आप्पांना पडवीत बसवून केस कापले.

बुधवार

वीज निम्मी झाली. ऊन मात्र रणरणतंय.

पॅनलं धुतली. कनेक्टर एकेक उघडून पाहिले, कुठे जळलेलं नाही, गंज नाही. बॅटऱ्यांतलं पाणी बरोबर. कंट्रोलर बदलून राखीव लावला, तरी तेच. वायरलेसवरून मुख्य कचेरीला कळवलं. साहेब म्हणाले, पॅनलं फडक्याने पुसून घ्या. पदवी घेऊन शेवटी फडकंच! जीप आता सोमवारीच येणार, मामा दुसऱ्या केंद्रावर गेलेत.

गुरुवार

नक्की कुठे बिघाड आहे ते भर दुपारी पाहावं म्हणून छपरावर गेले. आभाळ लख्ख, वर काही नाही. बाराव्या पॅनलवर सावली होती. गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या माणसाची. माझी नव्हे, माझी माझ्या पायाशी होती.

मी ती आधी पुसून पाहिली, हसू नका. मग हात ठेवला. आजूबाजूची काच तव्यासारखी तापलेली आणि सावलीतली माठासारखी गार. एका पॅनलवर सावली पडली की सगळी ओळ ढेपाळते. हातोहात बादल्या देणाऱ्यांतल्या एकाने हात आखडावा, तसं. एवढं तरी कळलं. बाकी काही कळत नाही आणि मला भीती वाटतेय.

आप्पांना सांगितलं नाही.

शुक्रवार

बारावं तोडलं. वायरी होत्या तशा गुंडाळून ठेवल्या. मनात म्हटलं, बाबा, घे तुझी जागा. मीटर चढला. मी छपरावर बसून रडले.

जेवून पुन्हा वर गेले तर सावली अकराव्यावर. माझ्या डोळ्यांदेखत दहाव्यावर.

इतके दिवस ते आपल्या एका पॅनलवर पडून होतं, कुठे जात नव्हतं. वायरीची वाट मी दाखवली. आता त्याला जुन्या जागेचं काय!

आप्पांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, काय जोडलंस?

शनिवार

छपरावर सावली नाही. हायसं वाटलं, वेड्यासारखं.

बॅटऱ्यांच्या खोलीत आहे. भिंतीवर, केबलच्या कडेने. वायरलेस बंद पडला. मशीन शिट्टी मारतंय. आप्पांना राखीव सिलेंडर लावला. मेन स्विच पाडला, केबल कापली — उशीर केला. कापली तेव्हा भिंत मोकळी होती. ते आधीच मशीनच्या वायरीतून आत —

रविवार

आप्पांना खुर्चीसकट अंगणात आणलं. भर उन्हात, वायरींपासून लांब.

सावली त्यांच्या छातीवर आहे. गुडघे पोटाशी घेऊन.

सिलेंडर भरलेला. काटा भरलेला दाखवतो. नळी साफ. तरी श्वास निम्मा. सगळं तपासलं. पुन्हा तपासलं. माझ्या हातात आता काहीच —

मी ऊन आणि आप्पांच्या मध्ये उभी राहून पाहिलं. माझी सावली तिच्यावर पडली. ती हलली नाही.

नंतर

आप्पांचा हात धरलाय. गार आहे. त्यांनी डोळे उघडले, माझ्या हाताकडे पाहिलं आणि बोटांनी कात्रीची खूण केली. तोड.

आठवतंय, आप्पा. जागेपणी आठवतंय. चिकटलेल्याला हात लावायचा नाही. पण तोडायचं ते सगळं तोडून झालं. आता एवढाच जोड उरलाय आणि तो —

नाही सोडणार.

मनगट गार. आता कोपर. उजव्या हातात अजून ऊब आहे तोवर लिहिते. मामा, तुम्ही आलात की आम्हाला हात लावू नका, आधी