न वाचता घेतलेला पॅच

प्रिय बाबा,

फोन केला की तू दोनदा "बरं बरं" म्हणून तो आईच्या हातात देतोस आणि तुझ्या वाट्याची बोलणी तिला खावी लागतात. आपल्या प्रोग्रॅमरांच्या मेलिंग लिस्टवर लिहावं तर अख्खं जग वाचतं. म्हणून हे पत्र. कोडमध्ये बदल सुचवणारा माझा पॅच तू न वाचता का घेतलास?

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातलं, कर्नलमधलं घड्याळ तू माझ्या जन्माआधीपासून सांभाळतोयस. त्यातली एक ओळ बदलायची म्हटली तरी भल्याभल्यांना घाम फुटतो. कॉमेंटमधल्या शुद्धलेखनावरून तू लोकांना परत पाठवलंयस! आणि माझा पॅच? सकाळी पाठवला, दुपारी तुझं एका शब्दाचं उत्तर: "घेतला." मी वेडी, ऑफिसभर नाचले.

जुनं घड्याळ ठरावीक ठोक्यालाच पुढे सरकायचं. दोन ठोक्यांच्या मध्ये कितीही वेळा विचारा, उत्तर तेच. त्याने आणखी बारीक वेळ दाखवावी म्हणून मी मधला वेळ प्रोसेसरच्या मोजणीवरून काढला. पण प्रोसेसरच्या आतल्या प्रत्येक कोअरची मोजणी वेगळी, किंचित पुढेमागे, आणि प्रोग्रॅम एका कोअरवरून दुसऱ्यावर गेला की त्याला घड्याळ मागे जाताना दिसतं. माझ्या मशीनवरचे कोअर गुण्यागोविंदाने नांदतात, त्यामुळे मला पत्ताच लागला नाही. तुला पहिल्या वाचनात लागला असता. घड्याळ थोडं चुकलं तरी चालेल, पण उलटं जाता कामा नये, हे तूच सगळ्यांच्या डोक्यात ठोकून ठोकून बसवलंयस ना?

मग व्हायचं तेच झालं. एका प्रयोगशाळेच्या नोंदीत नमुना मशीनमधून आधी बाहेर आला आणि नंतर आत गेला. लोक हसले, चिडले. पॅच काढून टाकावा लागला. तेही मी गिळलं असतं रे. पण तू चारचौघांत लिहिलंस, "चूक माझी, मी नीट तपासलं नाही." अरे, चूक माझी होती! तीसुद्धा माझ्या नावावर राहू दिली नाहीस. आता लिस्टवर कुणी काही बोलत नाही, फक्त भलतंच जपून वागतात. साहेबांची लाडकी लेक! असा संताप होतो म्हणून सांगू.

काल आईला खोदून खोदून विचारलं, तेव्हा ती बोलली. मागच्या वर्षी तू माझ्या कामाची सगळ्यांसमोर चिरफाड केलीस आणि त्यानंतर मी घरी फिरकले नाही. तेव्हापासून माझं नाव इनबॉक्समध्ये दिसलं की तू आधी उठून पाणी पितोस म्हणे. बाबा, मला तेव्हा वाईट वाटलं होतं, खूप वाटलं होतं. पण तुझी प्रत्येक टीका खरी होती, आणि हे घड्याळ मी त्यातूनच शिकले. घरी आले नाही ती निव्वळ हट्टाने.

उद्या नवा पॅच पाठवतेय. कोअर बदलला तरी वेळ मागे जाणार नाही, असं मला वाटतं. खात्री तू कर. इतरांचं वाचतोस तसं ओळ न् ओळ वाच, आणि पटलं नाही तर सगळ्यांसमोर परत पाठव. परत पाठवलास तरी मी रविवारी जेवायला घरीच येणार आहे.

तुझीच चिडलेली,
किरकिरी