मागच्या चाकाचा नमदा

उस्ताद, आज आमच्या गॅरेजात एका ट्रकच्या मागच्या आसाचं सील बदललं. दुकानातून नवं आणलं, ठोकून बसवलं, चहा येईपर्यंत काम उरकलंसुद्धा. मी खुर्चीवर बसून बघत होतो आणि डोळ्यांपुढे तुमची म्हसळ्याची शेड उभी राहिली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुणी जॅक लावला की तुमचा आवाज येतो, ‘आधी दगड लाव चाकाला, मग अक्कल लाव.’

तो श्रावण आठवतोय ना? तुमच्याकडे शिकून मी सुपारीच्या व्यापाऱ्याच्या लॉरीवर ड्रायव्हर म्हणून लागलो होतो. बायको पहिलटकरीण. पहाटेपासून अडली होती. सकाळी सुईणीने हात टेकले, माणगावच्या दवाखान्यात न्या म्हणाली. शेठनी लॉरी दिली. मागे गवत अंथरून, वर ताडपत्री बांधून मी तिला आणि सासूबाईंना घेऊन निघालो आणि पेट्रोल भरायला तुमच्या शेडीपाशी थांबलो. तुम्ही पेट्रोलचा डबा खाली ठेवलात, मागच्या चाकापाशी बसलात आणि आतल्या बाजूने बोट फिरवून माझ्यासमोर धरलंत. काळं, चिकट तेल.

“हे कवापासून?”

मी म्हटलं, थोडं गळतं, मी वरून भरतो.

“गाडी तेल पिते म्हणून पाजत ऱ्हायलास? ते जातंय कुठं ते बघितलंस? ब्रेक सगळा तेलात न्हातोय. घाटात उतारावर पाय दाबशील तवा काय धरंल?”

मी तुमच्यावर ओरडलो, उस्ताद. जन्मात एकदाच.  चावी काढून खिशात टाकलीत आणि घराकडे तोंड करून चाचींना हाक मारलीत. चाचींनी माझ्या बायकोला आत नेलं, चुलीपाशी ऊबेला निजवलं. तिच्या कण्हण्याचा आवाज शेडीत येत होता आणि तुम्ही मला चाकाचे नट सोडायला लावत होतात. ड्रम ओढून काढला. आत तेलाचा चिखल. तेल अडवणारी नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी आसाभोवती कुजून चिंध्या झाली होती. नवी पट्टी मुंबईहून यायची, आणि पावसाळ्यात आगबोटी बंद.  तुम्ही घरात गेलात आणि तुमची लाल तुर्की टोपी घेऊन आलात, तीही नमद्याचीच.

दारातून चाची म्हणाल्या, “आणि ईदला काय घालशील?”

“दुसरी घालीन. ह्याची बायको दुसरी कुठनं आणू?”

कात्री चालवताना तुमचा हात जराही अडखळला नाही. टोपीच्या कडेची पट्टी कापलीत, गरम तेलात भिजवलीत, खाचेत अंगठ्याने दाबत दाबत बसवलीत. मी ब्रेकचे पट्टे पेट्रोलने धूत होतो. माझं सगळं लक्ष घराकडे आहे हे पाहून तुम्ही ब्रश काढून घेतलात आणि म्हणालात, “तू तिच्याजवळ बस. गाडी मी नेतो.”

मी मागे गवतावर बसलो, तिचं डोकं मांडीवर. घाटाच्या उतारावर, वळणाच्या पलीकडे, भाताच्या पोत्यांची बैलगाडी आडवी अडकली होती. मला ती दिसलीच नाही. लॉरी एकदम दबली, ओल्या मुरमावर चाकं खरखरली आणि गाडी सरळ, जराही न वळता उभी राहिली. ताडपत्रीच्या फटीतून पाहिलं तर डाव्या हाताला दरी. पुढून तुमचा आवाज आला, गाडीवाल्याला उद्देशून, अगदी शांत, “बैल सोड बाबा, घाई न्हाय आमाला.”

मुलगी दवाखान्यात झाली, दुपार कलायच्या आत. आई जगली, पोर जगली. तुम्ही पोरीला हातात घ्यायला तयार नव्हतात. हात तेलकट आहेत म्हणालात आणि बाहेर जाऊन चाकाच्या आतून पुन्हा बोट फिरवून पाहिलंत. बोट कोरडं निघालं तेव्हा कुठे हसलात. त्या ईदला तुम्ही चाचींनी शिवलेली साधी पांढरी टोपी घालून नमाजाला गेलात.

तुम्ही गेलात तेव्हा मी कबरस्तानाच्या फाटकाशी उभा होतो. आत जावं की नाही, कळेना. तुमच्या भावाने हात धरून आत नेलं, माती द्यायला जागा करून दिली. आता हे पत्र लिहिलंय खरं, पण टाकू कुठल्या पेटीत? उशीखाली ठेवीन.

म्हसळ्यावरून माझी गाडी गेली की कबरस्तानापाशी मी ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला लावतो. इथे गुरं आडवी येतात म्हणून सांगतो. तिथे गुरं नसतात, उस्ताद.